संकल्पातली कावेरी

मंगळवार, संध्याकाळ

सकाळी आप्पांच्या अस्थी अरसलार नदीच्या वाळूत ठेवल्या. पाणी नव्हतंच. संकल्पात नाव घालायला भटजींनी विचारलं, "कोणची नदी?" मी म्हणालो, "कावेरी." का म्हणालो? ते नाव सगळ्यांना ठाऊक, म्हणून? जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेले आप्पा नेमके याच चुकीवर भडकायचे. "कावेरीतून फुटली, तरी ही आपल्या पायांनी कारैक्कालच्या समुद्राला जाते. तिला आईच्या नावानं का हाक मारता?" आणि आज, त्यांच्याच वेळी, मी...

आत्ता पुन्हा जाऊन आलो. अस्थी सकाळच्याच जागी होत्या. वाकून आप्पांना नाव सांगितलं, अरसलार. मग कुत्र्यांनी उकरू नये म्हणून हातानं वर वाळू ओढली.