नूलाची बाटली

प्रिय क्षितिजा,

पत्र बघून दचकू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तू एकीकडे स्वरांगीला भरवत असतेस, एकीकडे लॅपटॉप उघडा असतो, आणि माझं बोलणं 'बरं आहे, सगळं बरं आहे' यातच संपून जातं. म्हणून लिहायला बसले. लहानपणी कासलबारच्या या घरात, याच टेबलापाशी तुझ्याकडून बाराखडी घोटून घेतली होती, ती कधीतरी कामाला येऊ दे! अडलीस तर अमोघकडून वाचून घे. शेवटचा परिच्छेद मात्र तू एकटीनं वाच, कितीही वेळ लागला तरी.

वाळवंटातले माझे फोटो तू ऑफिसात सगळ्यांना दाखवलेस म्हणे. 'फेअर प्ले टू यू, आई!' असं लिहिलंही होतंस. साठी उलटलेली आपली आई आयर्लंडहून मोरोक्कोला चालायला गेली याचा तुला एवढा अभिमान, की खरं सांगायला माझी जीभ रेटेना. अगं, मी हौसेनं नाही गेले. ईस्टरला तुम्ही पुण्याला अमोघच्या घरी जायचं ठरवलंत. बाबा गेल्यापासून सुट्टीच्या दिवशी हे घर मला खायला उठतं. दुकान बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, शिवणयंत्रावर अर्धवट पडलेला कुणाचा तरी चर्चमधल्या कम्युनियनचा फ्रॉक. तेवढ्यात नूला पँट आखूड करायला आली आणि म्हणाली, आमच्या वॉकिंग क्लबात एक जागा रिकामी झालीय, येतेस का? क्रो पॅट्रिकचा डोंगर इतकी वर्षं मी खालूनच पाहिलेला. रविवारी त्यांच्याबरोबर ग्रीनवेच्या सपाट वाटेवर चालले असेन, तेवढीच काय ती तयारी. नाही नाही म्हणत गेले.

तिसरा दिवस सगळ्यात लांबच्या चालीचा होता. सकाळी तंबू आणि पाण्याचे कॅन लादून उंट पुढे गेले. आमचा वाटाड्या हसन काठी टेकत आमच्या पुढे चालत होता. आधी नदीचं कोरडं पात्र, नुसते दगडगोटे, मग वाळू. वाळूत पाऊल टाकलं की निम्मं मागेच येतं. नूला माझ्या बरोबरीनं चालत होती आणि मागे पॉड्रिग, निवृत्त मास्तर, आमच्या मेयोतल्या पावसाच्या आठवणीनं व्याकूळ होऊन गाणी म्हणत होता. त्याचा आवाज ऐकून नूला म्हणाली, तरीच उंट लवकर पुढे गेले! सकाळी मजा वाटली, खोटं कशाला बोलू? एवढं मोकळं आभाळ मी पाहिलं नव्हतं. बाबांना हे बघायला मिळायला हवं होतं, असं सारखं मनात येत होतं.

दुपारच्या मुक्कामाचं झाड समोर दिसत होतं, पण काही केल्या जवळ येईना. आणि माझं पाणी संपलं. का, ते ऐकून हसशील. मी आपली बाटलीला तोंड न लावता वरून पाणी पीत होते, आईनं लावलेली सवय. घरात ठीक आहे, पण त्या वाऱ्यात निम्मं पाणी हनुवटीवरून कुडत्यावर. नूलानं स्वतःची बाटली पुढे केली. मी म्हटलं, "नो, नो, आय ॲम ग्रँड." तोंडात थुंकी उरली नव्हती आणि म्हणे ग्रँड, मजेत! ती म्हणाली, "आर यू शुअर?" मी म्हटलं, शुअर. ती थोडी पुढे गेली, थांबली, मागे आली आणि बाटली माझ्या हातात कोंबून म्हणाली, "गो ऑन, यू विल, यू विल." मग मी प्यायले. तिच्या उष्ट्या बाटलीला तोंड लावून घटाघट प्यायले आणि तिथेच वाळूत बसून रडायला लागले. पॉड्रिगला वाटलं मला ऊन लागलं. बिचारा टोपीनं वारा घालत बसला.

ऊन नव्हतं लागलं. मला तुझं स्वयंपाकघर आठवलं. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी कप पुसून प्रेसमध्ये, त्या वरच्या कपाटात, लावता लावता तू म्हणालीस, "आई, विल यू नॉट कम अँड लिव्ह विथ अस? द बॉक्स रूम इज देअर." मी म्हटलं, "नको गं, तुमची कशाला अडचण?" तू लगेच मान्य केलंस, "ग्रँड सो," आणि पुढचा कप उचललास. मी ओलं फडकं हातात धरून उभीच राहिले. वाटलं, आता म्हणेल, कप संपल्यावर म्हणेल, निदान स्टेशनवर सोडताना तरी म्हणेल. फेब्रुवारीत ल्यूकनला तुमच्याकडे आले तर त्या खोलीत अमोघचं टेबल आणि ते वल्ही मारायचं यंत्र. "छान झालं हो," असंही मीच म्हणाले.

आमच्या कोल्हापुरात पहिलं 'नको' कुणी ऐकतच नाही. वाटीवर हात धरलास तर रस्सा हातावर पडेल, पण पडेल. इथे मेयोतही तीच तऱ्हा. दुकानात आलेल्या बाईला चहा विचारला, तर दोनदा नाही म्हणते आणि तिसऱ्यांदा खुर्ची ओढते. म्हणून तर मला हे गाव कधी परकं वाटलं नाही. तू या दोन्हींच्या मध्ये वाढलीस आणि ही रीत मात्र कुणाकडूनच उचलली नाहीस. अमोघ तर पुण्याचा, आग्रहाच्या बाबतीत त्याला बोल लावण्यात अर्थ नाही! चूक तुझी नाहीच, राणी. तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास. रोज संध्याकाळी मला स्वतःला हेच पटवावं लागतं आणि तरी वाईट वाटायचं ते वाटतंच.

आता एकटीनं वाच. दुकानाच्या मालकानं भाडेकराराचे कागद पाठवलेत, महिनाअखेर सही हवी आहे. केली की पुढची पाच वर्षं मी इथेच. तू तेव्हा केवळ बोलायची रीत म्हणून विचारलं असशील, तर या पत्राला उत्तर देऊ नकोस. मी सही करेन आणि तू हे वाळवंटाच्या सहलीचं पत्र म्हणून ठेवून दे. पण मनापासून विचारलं असशील, तर पुन्हा एकदा विचार. मी नको म्हणेन, जन्माची खोड आहे. तेव्हा कप खाली ठेव, आणि तिसऱ्यांदा विचार.

तुझीच,
'नको' म्हणून बसलेली आई