दोन खोल्यांचा ट्रस्ट

आई,

त्या दिवशी मेसच्या स्वयंपाकघरात मी तुझ्याशी भांडले, आणि ते भांडण पुरतं मिटायच्या आत तू गेलीस. आता इतक्या वर्षांनी कागदावर बोलते आहे.

मी सासरहून, जवळच्याच अकोले गावाहून, सकाळच्या जीपने संगमनेरला आले होते. हॉस्टेलच्या पोरांची जेवणं व्हायची होती. तू परातीत कणीक मळत होतीस आणि भाऊ कोपऱ्यात लसूण सोलत बसला होता. तिशीला आलेला माणूस, पण समज चार वर्षांच्या लेकराची. मान वर न करताच तू सांगितलंस, की रजिस्टर ऑफिसात जाऊन घराचा ट्रस्ट करून आलीस. मला आधी हसूच आलं. ट्रस्ट असावा देवस्थानाचा, नाहीतर कॉलेज काढणाऱ्या पुढाऱ्यांचा. पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या दोन खोल्यांचा कसला ट्रस्ट? मग तू अटी सांगितल्यास आणि माझं हसू मावळलं. भाऊ आहे तोवर घर विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही. पुढच्या खोलीत एखादी एकटी बाई ठेवायची, भाड्याऐवजी तिने त्याचं खाणंपिणं बघायचं. कारभार तिघांचा: हॉस्टेलचे रेक्टर सर, शेजारच्या नर्सबाई आणि मी.

"माझ्या नावावर केलं असतं, तर मी काय त्याला घराभाईर काढनार हुते?"

"तू न्हाई काढायचीस, बाई," तू म्हणालीस. "पर तू एकटी हायेस व्हय? नवरा हाय, सासू हाय, उद्या पोरं हुतील. समदी मागं लागली की तू लगी पघळतीस. मी काय तुला आज वळखते?"

जिव्हारी लागलं ते. परक्यांवर भरवसा आणि पोटच्या पोरीवर नाही, असं काहीबाही बोलून मी चहा न घेताच निघाले. भाऊ फाटकापर्यंत मागे आला आणि सोललेला लसूण माझ्या मुठीत कोंबून गेला. जीपमध्ये वाटभर हाताला वास येत होता आणि मी रडत होते.

त्याला सासरी ठेवून पाहिलं नव्हतं असं नाही. तू दवाखान्यात होतीस तेव्हा आठवडाभर आणला होता. चपला घालून तो दिवसभर उंबऱ्यावर बसायचा. "घरी, घरी." आपल्या गल्लीत त्याला सगळे ओळखतात, वाट चुकला तरी कोणीतरी हात धरून आणून सोडतं. अकोल्यात तो कोणाचाच नव्हता.

तू गेल्यावर वर्षाच्या आतच तुझ्या जावयांनी विषय काढला. स्टँडजवळ गाळा मिळत होता, तिथे एसटीडी बूथ आणि झेरॉक्सचं मशीन टाकायचं होतं. माणूस वाईट नाही गं, हातपाय हलवू पाहत होता. सगळे जेवायला बसलेत. सासूबाई म्हणतात, "त्याला हितं आना. पडवीत पडून ऱ्हाईल. ते घर इकून टाका." मी भात वाढते आहे. सगळे माझ्याकडे बघताहेत, आणि 'बरं' हा शब्द माझ्या ओठांवर आलेला आहे. मग मला तुझा ट्रस्ट आठवतो.

"घर माझं न्हाईच," मी म्हणते. "भाऊ हाय तवर ते कुनालाच इकता येत न्हाई. आईनंच तसं करून ठिवलंय."

मग सासूबाई म्हणाल्या, "काय आई म्हनायची का कोन! पोटच्या पोरीला नागवलं."

"व्हय," मी म्हणाले. "नागवलं मला."

आणि मला रडू फुटलं. ते त्यांना पटलं. माझ्यावर कोणीच रागावलं नाही, सगळा राग तुझ्याकडे गेला. श्रीमंतांच्या घराला वकील असतात, पहारेकरी असतात. तुझ्याकडे माझ्यासारखी मऊ पोर होती, म्हणून तुला ट्रस्ट लागला. मला हे उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा सांगायला तू नव्हतीस.

भाऊ आता म्हातारा झालाय. सर गेले, नर्सबाईही गेल्या, त्यांच्या जागी नवे दोघे आले. तो अजून आपल्याच घरात निजतो. इकडे मात्र तू लेकीला फसवणारी आई आहेस. माझी मुलं तुझ्या फोटोला नमस्कार करत नाहीत. त्यांना खरं सांगावं असं फार वाटतं. पण मीही फसले आहे, माझ्या हातात काही नाही, असं सगळे धरून चालतात, म्हणून 'वकिलाला विचारून ट्रस्ट मोड' असं मला कोणी म्हणत नाही; खरं कळलं तर सगळे मागे लागतील, आणि मी पघळेन. हा कागदसुद्धा मी बंबात घालणार आहे.

भाऊ आहे तोवर मी तुझी बाजू घेणार नाही, आई.