चारी बाजूंनी काढलेले फोटो

प्रिय क्षितू,

पत्र बघून दचकू नकोस. इथे सगळे बरे आहेत. बाबांचा गुडघा आहे तसाच, आणि तुझी काळी डबी देवघराशेजारच्या फळीवर मुकाट चालू आहे. रोज फोन होतो तरी कागद घेतला, कारण फोनवर मी काही खोलात विचारायला गेले की तू "आई, मीटिंग आहे" म्हणतोस आणि मीही ठेवून देते. पत्राला मीटिंगचं कारण सांगता येत नाही.

मन थाऱ्यावर नाही. सकाळी कुकर लावला आणि गॅस पेटवायलाच विसरले. स्तोत्र म्हणताना त्याच त्या ओळीवर परत परत येत होते, तर बाबा पेपरातून म्हणाले, "अगं, देवही कंटाळला असेल, पुढे सरक." घटस्थापना तोंडावर आली, अजून घर झाडलेलं नाही. हे लिहितानाही मध्ये उठून उगाच बाल्कनीत जाऊन आले.

ती डबी तू बंगळुरूला जायच्या आधी आणलीस, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला तो छोटा कॉम्प्युटर, तेव्हा मी वैतागले होते, आठवतं? दिवसरात्र चालू राहणार म्हणजे बिल केवढं! तू म्हणालास, "आई, एका बल्बाएवढी वीज खाते. आपलं सामान आपल्याच घरात असावं, दुसऱ्याच्या माळ्यावर कशाला ठेवायचं?" ते मला पटलं. रहाटणीत दोन खोल्यांत संसार केला, पण कुणाकडे एक ट्रंक ठेवली नाही मी. मग तू माझा दूध-भाजीचा हिशेब तिच्यात घातलास, आरत्या घातल्यास, मध्ये साबणाच्या जाहिराती न येणाऱ्या. आणि आपल्या तिघांच्या फोनमधले फोटो आपोआप तिच्यात जमा होतील अशी सोय केलीस. "पाठव पाठव म्हणून मागे लागायला नको," म्हणालास.

ती सोय तू विसरलास, क्षितू. मी नाही विसरले.

पूजा आटोपली की मी टॅबलेट घेऊन बसते आणि तुझे फोटो बघते. तुझे फोटो म्हणजे सिग्नलवरचं कुत्रं, करपलेला डोसा, आणि ऑफिसातला तो पांढरा फळा, चौकोन आणि बाणांनी भरलेला. मॅट्रिक झालेल्या बाईला त्यातलं काय कळणार, पण तुझा पोटफोड्या 'ए' कुठेही ओळखू येतो. फळा भरलेला दिसला की माझा दिवस बरा जायचा. गौरी-गणपतीला तू आला नाहीस, कामाची घाई आहे म्हणालास. तेव्हापासून एकही फळा नाही. आधी वाटलं, राहून गेलं असेल. मग तुझ्या खोलीची खिडकी दिसायला लागली, भर दुपारच्या उन्हातली, कामाच्या दिवशी. आणि त्याच दिवशी फोनवर तू सांगत होतास, ऑफिसच्या कँटीनमध्ये आज फार गर्दी होती.

मग तुझा कीबोर्ड दिसला. पहिल्या पगारात सुटे भाग मागवून, एकेक बटण स्वतः बसवून केलेला तो कीबोर्ड. त्याच्या टकटकीला बाबा "आमच्या कंपनीच्या स्टोअरचा टाइपरायटर" म्हणायचे आणि तू चिडायचास. घरी येताना कपडे कमी आणायचास, पण तो बॅगेत टॉवेलात गुंडाळून असायचाच. दसऱ्याला मी त्याच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढायला गेले तर "वर नको आई, खाली काढ" म्हणून तूच उलटा धरलास. तो आता पांढऱ्या चादरीवर ठेवलेला. समोरून, मागून, बाजूने, आणि उलटा. स्वस्तिक पुसट झालंय, पण आहे. दुसऱ्या दिवशी तुझा मोठा स्क्रीन तसाच चारी बाजूंनी. मग ती पाठीला आधार देणारी खुर्ची, तिच्या हातावरच्या ओरखड्याचा वेगळा फोटो काढून. खालच्या मजल्यावर मोनिका म्हणून नवी मुलगी राहायला आलीय, तू तिला पाहिलेलं नाहीस. ती जुना मिक्सर, जुनी सायकल मोबाइलवर विकते, तेव्हा असेच फोटो काढते. मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

तू तेव्हा बालवाडीत होतास, म्हणून तुला ठाऊक नाही. बाबांची कुरुळीतली कंपनी बंद पडली तरी ते रोज युनिफॉर्म घालून, डबा घेऊन निघत. कुठे बसत देव जाणे. मला कळलं ते धुण्यात. शर्टाला तेलाचा डाग नाही, बाहीला ग्रीस नाही. मी काही बोलले नाही, माणसाचा मान राहू दे म्हणून. ते आपणहून सांगेपर्यंत मी रोज तो स्वच्छ शर्ट भिजवत होते, घासत होते, वाळत घालत होते. ते मला सांभाळत होते आणि मी त्यांना. त्या दिवसांत घरात जेवढी शांतता होती तेवढी पुन्हा कधी नको. आता त्यांना तुझ्याबद्दल काही माहीत नाही. बाल्कनीखालच्या कट्ट्यावर शेजारच्या दत्तोबांना तुझ्या कंपनीच्या गोष्टी सांगत असतात आणि मी घरात शेंगा सोलत ऐकते. मला हे दुसऱ्यांदा जमणार नाही.

म्हणून सांगते. तळेगावच्या ज्या पत्त्यावर तू कीबोर्ड पाठवलास, तो मोनिका कामाला आहे त्या कंपनीचा. घेणारी मी. माझ्याच सांगण्यावरून तिने मोबाइलवर तुझी जाहिरात शोधून तुला निरोप पाठवला आणि सवयीने घासाघीस केली, तर तू एका शब्दात खाली आलास. "चालेल, पण लवकर घ्या," असं लिहिलंस. ते 'लवकर' काही केल्या डोक्यातून जात नाही. कीबोर्ड इथे कपाटात आहे आणि मी तो कुरिअरने पाठवणार नाही. भाड्याचं घर सोडून ये, इथून नोकरी शोध, दोन घास जास्त शिजतील, त्यात काय. बाबांना मात्र तुझं तू सांग, समोर बसून. हे वाचून तू फोटोंची ती सोय बंद करशील, मला माहीत आहे. कर, मी रागावणार नाही. फक्त त्याआधी एक फोटो काढ. इतक्या दिवसांत खिडकी पाहिली, खुर्ची पाहिली, खुर्चीवरचा ओरखडासुद्धा पाहिला. तू कशातच नव्हतास.

तुझीच,
आई