फकीर, भुरी आणि जाऊबाई

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा लाल. मी खोलीत फक्त पाय टाकला — शिंकले नाही, चादर झटकली नाही — आणि त्या पांढऱ्या पिंपाचा हिरवा दिवा लाल झाला. सूनबाईनं दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बोलली काही नाही. बोलली असती तर मला उत्तर तरी देता आलं असतं.

पिंप म्हणजे हवा साफ करायचं यंत्र. आमच्या चष्मेवाल्यानं आणलं, म्हणजे माझ्या मुलानं. चष्म्यांचं दुकान आहे त्याचं. महिना झाला आणून. हवा चांगली तर हिरवा दिवा, वाईट तर लाल. मी त्या यंत्राचं नाव जाऊबाई ठेवलंय. माझी खरी जाऊ अशीच होती. कोपऱ्यात बसायची, कामाला हात लावायची नाही, चहाडी मात्र वेळेवर.

वरच्या मजल्यावरची टायपिस्ट हे लिहून घेतेय. चाळीस वर्षं साहेबांचं ऐकून टाईप केलं तिनं, आता चार वाजता खाली येऊन माझं लिहिते. अट एकच — बोलेन तसं उतरायचं, साफसफाई करायची नाही. मला अक्षर येत नाही, पण वाचून दाखवताना एक शब्द बदललेला असला तरी मला कळतो. वही प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी माझ्या गादीखाली. घरात कुणाला पत्ता नाही.

४ नोव्हेंबर

दिवसभर लाल. शेवटी जाऊबाईच्या डोक्यावर टॉवेल टाकला. सूनबाईनं काढला. घडी घालून माझ्याच हातात दिला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

भिंगरीला डॉक्टरकडे नेऊन आणलं. भिंगरी म्हणजे माझी नात, सात वर्षांची, एका जागी उभी राहील तर शपथ. हल्ली मात्र दोन गिरक्या घेतल्या की बसते आणि खोकते. खोकला असा की ऐकणाऱ्याच्या छातीत दुखावं.

डॉक्टर म्हणाला म्हणे — घरात प्राणी आहेत का? झालं. सूनबाईला हेच पाहिजे होतं.

आहेत ना प्राणी. दोन चिंचिला. चष्मेवाल्याचं एक गिऱ्हाईक देश सोडून गेलं आणि जाताना पिंजरा दुकानात ठेवून गेलं. पोरगा घेऊन आला घरी. मी म्हटलं, अरे, लोक उंदीर मारायला पैसे देतात आणि तू पाळायला आणलेस? पण मग हात लावून बघितला. असं मऊ मी जन्मात काही धरलं नव्हतं. कान सशासारखे, शेपूट खारीसारखं, अंगाचा रंग राखेचा. यांना पाणी लावायचं नाही, आजारी पडतात. आंघोळ करायची ती बारीक मातीत. डब्यात माती घालून दिली की आत उडी मारून लोळतात, गोल गोल, आणि खोलीभर धूर. म्हणून एकाचं नाव फकीर. दुसरी भुरी. नावं भिंगरीनं आणि मी मिळून ठेवली. आंघोळ घालणं माझ्याकडे. आठवड्यातून दोनदा. या घरात माझ्याकडे एवढंच एक खातं राहिलंय.

आता सूनबाई म्हणते, ती माती पोरीच्या छातीत जाते. मी म्हटलं, मग हे पिंप कशाला आणलंय, दिवा बघायला? पहिले आठ दिवस काय सुरेख चाललं होतं. गप्प असायचं, पोरीचा खोकलासुद्धा उतरला होता. मी स्वतः मागचं झाकण उघडून आतूनबाहेरून पुसून ठेवलं होतं. मग काय बिनसलं देव जाणे. आता नुसतं घरघरतं, दम लागल्यासारखं. मी सांगितलं चष्मेवाल्याला, यंत्र बिघडलंय. तो म्हणाला, आई, नवीन आहे ते, वॉरंटीत आहे. जसं काही वॉरंटीतल्या वस्तूला बिघडायची बंदी आहे!

९ नोव्हेंबर

आज भांडण. मोठं.

सुरुवात रिमोटवरून. टीव्हीचा रिमोट मी पिशवीत घालून रबर लावते. कुणाचे हात कसे असतात सांगता येतं का? सूनबाईनं पिशवी काढून फेकली. म्हणाली, बटणं दिसत नाहीत. मी म्हटलं, मला बटणांवरचं काही वाचता येत नाही तरी लागतो की टीव्ही. सोफ्यावरचं प्लास्टिकही तिनंच फाडलं होतं. त्याला दोन वर्षं झाली. मी विसरलेले नाही. आता बघा जाऊन सोफ्याकडे.

रिमोटवरून गाडी गेली उंदरांवर. ती त्यांना उंदीरच म्हणते. आज तिनं सरळ सांगितलं, एक तर ते जातील, नाही तर मी पोरीला घेऊन माझ्या आईकडे. चष्मेवाला चष्मा पुसत बसला. बाप गेल्यापासून हा भांडणात चष्माच पुसतो. त्या काचा झिजून एक दिवस भोकं पडतील.

मी पण बोलले. म्हणाले, दवाखान्यात दिवसभर लोकांना दातांच्या तारखा देतेस, पोरीकडे बघायला तारीख मिळते का तुला?

टायपिस्ट म्हणते, काकू, हे लिहू? लिही. बोलले ते बोलले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ठरलं. माझ्याशिवाय ठरलं. दुकानात येणारी कुणी एक बाई आहे, तिच्याकडे ससे-कासवं असलं बरंच काही आहे. ती रविवारी येऊन पिंजरा नेणार.

चष्मेवाला सांगायला आला तेव्हा दारातच उभा राहिला. म्हणाला, आई, पोरीपुढे काय. मी म्हटलं, ते प्राणी वीस वर्षं जगतात म्हणे, म्हणजे मला पोचवून मग गेले असते. तुला घाई झाली म्हणून त्यांना आधी पोचवतोस?

त्याचे डोळे भरले. भरू देत. पुसायला फडकं आहेच त्याच्याकडे.

१३ नोव्हेंबर

भिंगरी विचारत होती, मी खोकला दाबून धरला तर फकीर राहील का?

पुढचं नको लिहू आज.

१६ नोव्हेंबर, रविवार

नेले.

बाई चांगली होती, तेवढं म्हणते. फकीरला नीट धरलं, शेपटीला हात लावला नाही. भुरी मागे सरून कोपऱ्यात बसली. मी शेवटची आंघोळ घालते म्हटलं तर सूनबाई म्हणाली, नको आई, पोरगी घरात आहे. शेवटची आंघोळ पण नाही. फाशीवाल्याला शेवटचं खायला तरी विचारतात.

मी मातीचा डबा त्या बाईच्या हातात दिला. सांगितलं, मंगळवारी आणि शनिवारी. दहा मिनिटं. मग डबा काढून घ्यायचा, नाही तर त्यातच मुततात.

सूनबाईशी बोलणं बंद. काही हवं तर भिंतीला सांगते. भिंत तिच्यापेक्षा बरी ऐकते.

१७ नोव्हेंबर

पिंजरा नाही, माती नाही, फकीर नाही. दिवा — लाल!

१८ नोव्हेंबर

अजून लाल. आणि पोरगी खोकतेच आहे. आता घरात कोण उरलं? मीच. माझं गुडघ्याचं मलम, माझी केसांची पावडर. आज सूनबाई मलमाची डबी उचलून वास घेत होती. मी भिंतीला म्हटलं, आता त्या कासववाल्या बाईला परत बोलवा, म्हणावं एक म्हातारी आहे, न्यायची असेल तर. मंगळवारी आणि शनिवारी आंघोळ.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लिही. भराभर लिही, सुटायला नको काही.

दुपारी चष्मेवाला लवकर घरी आला. माझंच ऐकलं शेवटी. जाऊबाईला आडवी पाडली, मागचं झाकण उघडलं. आत हवा गाळायची जाळी असते, पांढरी, घड्याघड्यांची. ती बाहेर ओढली — आणि प्लास्टिकमध्ये! चारी बाजूंनी बंद. यंत्र हवा ओढत होतं आणि हवा जात होती प्लास्टिकवर आपटून परत. म्हणून घरघर. म्हणून खोकला. महिनाभर!

मी पलंगावर होते, मला लांबून बारीक काही दिसत नाही. चष्मेवाल्याची आई, पण चष्मा लावत नाही. वाचायचं कुठे आहे मला? प्लास्टिक फाडल्याचा आवाज मात्र स्वच्छ ऐकला.

आणि मग माझा मुलगा, जो कधी आवाज चढवत नाही, तो बायकोवर ओरडला. खोकं तूच उघडलंस ना! कारखान्याचं प्लास्टिक काढायचं असतं, वर लिहिलेलं असतं, तुला वाचता येतं ना! सूनबाई सोफ्यावर बसली. जाळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, काढलं होतं असं वाटतंय... नसेल काढलं. माझ्याच हातून राहिलं असेल.

बाई ग, मला काय बरं वाटलं! गेला महिनाभर माझ्या छातीवर जो दगड होता तो उचलून कुणी तिच्या छातीवर ठेवला. खोटं कशाला बोलू, वहीच आहे. नुसती बसून राहिले, आणि दिवा बघत राहिले.

तासाभरात हिरवा.

२० नोव्हेंबर

हिरवा. आणि जाऊबाई अगदी गप्प, पहिल्या आठवड्यासारखी.

आज जेवताना मोठ्यानं म्हणाले — भिंतीला — की शिकलेल्या लोकांना लिहिलेलं वाचायला वेळ नसतो. सूनबाई ताट घेऊन उठली. अर्धं तसंच होतं.

टायपिस्ट आज मान वर करत नाहीये. काय ग? काही नाही म्हणते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

भिंगरी रात्रभर झोपली. सकाळी तीन गिरक्या मारल्या आणि चौथीला पडली, तीही हसत.

कासववाल्या बाईचा फोन आला. फकीर खात नाही. चष्मेवाला म्हणाला, परत आणतो सोमवारी. डॉक्टरांनाही विचारलं त्यानं, ते म्हणाले, आंघोळ न्हाणीघरात घाला, दार लावून, आणि यंत्र नीट चालू ठेवा. एवढं सोपं होतं!

घरात आनंद असायला हवा. पण चष्मेवाला बायकोशी कामापुरतं बोलतो. भिंगरीनं आज सगळ्यांसमोर विचारलं, आई, तू विसरलीस म्हणून मला खोकला झाला का? सूनबाई म्हणाली, हो बाळा. तिथंच, उभ्या उभ्या. मग न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून ठेवला. बराच वेळ.

मी विचार करत होते, मला मजा का येत नाहीये?

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी आठवड्याचा सुका कचरा बाहेर ठेवायला घेतला. डब्यात जाळीवरचं ते फाडलेलं प्लास्टिक होतं. जाड, चांगलं. असली पिशवी मला टाकवत नाही, म्हणून काढून धुवायला घेतली. कोपऱ्यावर बोट गेलं आणि थांबलं. घडीत घडी घातलेली, आणि वर चिकटपट्टी. भेगांना लावते ती, माझ्या टाचांची. ही घडी या घरात दुसरं कुणी घालत नाही. पिशवी माझ्या उशीची आहे.

जाऊबाई पुसायला उघडली त्या दिवशीची. जाळी इतकी पांढरी होती. मळेल म्हणून मीच पिशवीत घातली.

टायपिस्ट, डोळे नंतर पूस. सूनबाईला हाक मारलीय मी, नाव घेऊन. भिंतीला नाही. येतेय ती. वही तिच्या हातात दे आणि सांग, पहिल्या पानापासून वाच. तिला वाचता येतं.