बारीक लाइनीला दिलेले दोनशे

पनवेल, मंगळवार

तीर्थस्वरूप काळूराममामांना केतनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

गुडघा कसा आहे? मोऱ्याच्या जेटीवर रोज चढ-उतार करू नका असं डॉक्टरांनी सांगितलंय, ते पाळताय की मामींना पाळतोय म्हणून सांगताय, तेवढं कळवा. (फोन मात्र करू नका. सध्या फोन वाजला की मी तो उशीखाली ढकलतो.) मी बरा आहे, म्हणजे नोकरी आज संध्याकाळपर्यंत तरी होती.

आमची कंपनी घरोघरी इंटरनेट देते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बाहेर जायला आमच्या दोन लाइनी : एक जाड, एक अडीअडचणीची, बारीक. प्रत्येकीला एक आकडा द्यायचा. जिचा आकडा मोठा, तिच्यातून सगळ्यांनी जायचं. वाट दाखवणारे आमचे चार राउटर आहेत; एकात आकडा भरला की तो बाकीच्यांना कळवतो, आणि ते काही न विचारता मानतात. (आपल्या भावकीत असं एकदाही झालेलं नाही.) काल सकाळी माझ्या वरिष्ठ रुचिरा मॅडमनी तळोज्याच्या राउटरवर जाड लाइनीला दोनशे द्यायला सांगितले. मी पनवेलला बसून दिले, पण बारीक लाइनीला. मिनिटभरात चारही राउटरांचं एकमत झालं आणि तळोज्यापासून उरणपर्यंतची सगळी गिऱ्हाइकं त्या बारीक लाइनीत घुसली. दुरुस्त करायला गेलो, तर मलाही तिच्यातूनच जायचं होतं. पडद्यावर अक्षर उमटेना.

मग गाडी काढली आणि तळोज्याला पळालो. ज्या इमारतीत राउटर आहे, तिथल्या शिवा नावाच्या वॉचमनने कंपनीचा मेल मागितला. मी म्हटलं, मेल येत नाहीत म्हणूनच तर आलोय. तो शांतपणे म्हणाला, "मेल आल्याबिगर आत नाय सोडायचा, साहेब. मेल आला का या." सव्वा तास मी फाटकाशी उभा होतो. गिऱ्हाइकांचे फोन घेत होतो आणि प्रत्येकाला ‘पाच मिनिटं थांबा’ सांगत होतो. शेवटी मॅडम स्वतः सही-शिक्क्याचा कागद घेऊन आल्या. आत दोनशे पुसताना मी दोनदा चुकलो. त्या मागे उभ्या राहून एकेक अक्षर वाचत होत्या. सगळं सुरू झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "केतन, आकडा बरोबर होता." त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता सगळं सुरळीत आहे. पुन्हा असं होणार नाही, याची मी स्वतः खात्री देतो. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
केतन

ता. क. : काल अकरा वाजता तुमच्या लेकीची, दिपिकाची, कॉम्प्युटरवरची मुलाखत मध्येच तुटली, ती माझ्यामुळे. आपलंच उत्तर चुकलं म्हणून त्यांनी बंद केलं असं समजून ती जेवली नाही, असं मामी आईला म्हणाल्या. तिचं काही चुकलं नाही, हे तिला तुम्ही सांगा. फोन तिनेच उचलला तर काय बोलू, म्हणून हे पत्र उरणला कामाला येणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती पाठवतोय.

आणखी एक : गुरुवारी तिला पुन्हा बोलावलंय, तर तिला आमच्या लाइनीवर बसवू नका. तुमच्या शेजारी समृद्धीताईंकडे दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट आहे. जाड लाइनीला द्यायचे राहिलेले दोनशे त्याच दिवशी, अकराच्या सुमारास, मी भरणार आहे.