सास्तूरला भूकंप झाला नाही, वन्सं

सास्तूर,
रविवार, सकाळची कामं आटोपून

ती. गजरावन्संना राजेश्वरीचा वाकून नमस्कार. दाजींनाही सांगा, पण नमस्कार तेवढाच सांगा, बाकीचं पत्र त्यांना वाचून दाखवू नका. तुमचे गुडघे आता कसे आहेत? डॉक्टरनं दिलेला पट्टा लावता, का तो खुंटीला टांगलाय? इकडं आईंची तब्येत बरी आहे असं लिहिते (पुढं वाचून तुम्हीच काय ते ठरवा). तुमचे भाऊ ठीक आहेत, म्हणजे जेवतात, शेतात जातात, बोलत मात्र नाहीत. फोन का केला नाही म्हणाल, तर तुमचा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो, आणि आमच्या अंगणात सध्या रोज निम्मी गल्ली बसलेली असते. म्हणून पत्र. शेजारच्या वीरप्पांची मोनिका कळंबला शाळेत शिकवते, तिच्या हाती देतेय. पाकीट चिकटवलंय. उघडलेलं दिसलं तर लगेच कळवा, म्हणजे मी माहेरी निघून जाईन.

बुधवारी सास्तूरला हादरा बसला, हे तुमच्या कानावर आलंच असेल. माकणीत तर धरणाला तडा गेला इथवर बातमी पोचली होती. तर वन्सं, हादरा बसला नाही. मला पक्कं ठाऊक आहे, कारण तो माझ्यामुळं बसला.

गोधडीचं वेड मला आईंनीच लावलं. पण त्यांची गोधडी म्हणजे फाटलेलं लुगडं, विरलेलं धोतर, तुमच्या लहानपणीचा परकर. माझं तसं राहिलं नाही. आधी लोहाऱ्याच्या बाजारातनं एक फुलाफुलाची छीट आणली. मग तिला जोड म्हणून निळी, निळीला शोभावी म्हणून पिवळी, आणि पिवळी आणल्यावर पहिली फुलाफुलाची मळकट दिसायला लागली. कापड दिसलं की मला भीतीच वाटते. आपण नाही घेतलं तर दुसरी कुणीतरी नेईल आणि त्याचे खिडकीचे पडदे शिवेल, अशी. (हसू नका, त्या दुकानात एकदा उभं राहून बघा.) त्यात फोनवर गोधडीचे संच मिळायला लागले. चौकोन कापलेले, रंग जुळवलेले, अस्तर, सुई, दोरा, सगळं एका खोक्यात. आपण नुसतं शिवायचं. पण शिवायला घेतलं की ते जुळवलेलं मोडतं, म्हणून मी खोकं उघडायची, बघायची आणि परत बंद करून ठेवायची. आता आईंना कसं सांगणार, की तुमची सून कोरं कापड विकत आणते, आणि तेही आधीच तुकडे केलेलं? म्हणून सगळं मागच्या खोलीतल्या माळ्यावर जात होतं. तुमच्या भावांनी दोन लोखंडी अँगल ठोकून वर शहाबादी फरश्या टाकल्या होत्या, त्या रिकाम्या डब्यांसाठी. डबे मी हळूहळू खाली काढले.

बुधवारी दुपारची जेवणं झाली होती. तुमचे भाऊ उमरग्याला गेलेले. आई ओसरीत लवंडल्या होत्या, मी भांडी घासत होते. सकाळीच आलेला एक संच माळ्यावर सरकवून आले होते (जरा खांद्यानं रेटावा लागला). आणि एकदम सगळंच खाली आलं. फरश्या, गठ्ठे, खोकी, सगळं खालच्या पत्र्याच्या रिकाम्या कोठ्यांवर. तो आवाज कसा सांगू? जमिनीखालनं गडगडत आल्यासारखा आला, भिंतीतनं गेला, आणि माझ्या हातातली परात नंतरही वाजत राहिली. मला खरंच वाटलं, आलं. कापड मनातसुद्धा आलं नाही. आईंना मोरीपर्यंत जायला काठी लागते, आणि मी ओसरीत पोचेपर्यंत त्या रस्त्यावर होत्या. काठी आतच.

समाजमंदिरापुढच्या मोकळ्या जागेत सगळी गल्ली जमली. कुणी पोरं उचलून आणलेली, कुणी गॅसची टाकी. ज्यांची माणसं मागच्या, त्र्याण्णवच्या भूकंपात गेली ती बोलत नव्हती, बोलत होती ती बाकीची. वीरप्पा म्हणाले, त्यांच्या हातातल्या कपातला चहा सांडला. कोंडीरामभाऊंची म्हैस म्हणे सकाळपासनं कान टवकारून होती. कुणीतरी तालुक्याला फोन लावला, तिकडनं उत्तर आलं की मशीनवर काही नोंद नाही. त्यावर कोंडीरामभाऊ म्हणाले, "मशीन तिकडं हाय, आपुन हितं हाव." ते सगळ्यांना पटलं, मलाही पटलं. आईंनी माझं मनगट धरून ठेवलं होतं आणि एकेकाचं नाव घेत होत्या, आला का, आली का. त्यात आता नसलेलीही नावं होती. तुम्हाला ती सांगायला नकोत.

मग त्यांच्या बीपीच्या गोळ्यांची आठवण झाली. त्या मला सोडेनात. शेवटी डोक्यावर घमेलं धरून मी पळत आत गेले, गोळ्या घेतल्या, आणि मागच्या खोलीचं दार उघडं होतं म्हणून तिकडं बघितलं. घमेलं डोक्यावरच राहिलं. भूकंप नाही म्हणून आधी जीव भांड्यात पडला. आणि लगेच दुसरा विचार आला, की भूकंपच असता तर बरं झालं असतं. (देवानं हे ऐकलं नसावं.) मी ते दार ओढून कडी घातली आणि गोळ्या घेऊन गपचूप बाहेर येऊन बसले.

वन्सं, ती दुपार मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. सांगितलं तर जन्मभराची शोभा, नाही सांगितलं तर एवढी माणसं माझ्या कापडापायी उघड्यावर. मी हळूच म्हणून बघितलं, की कुणाच्या घरात काही जड पडलं असेल. वीरप्पा म्हणाले, "पडल्यानं दुसऱ्याच्या घरातला चहा सांडतो व्हय?"  ऊन कललं, वारं सुटलं, यंदा थंडी लई आहे. पुरुषमाणसांनी ठरवलं की आज घरात कुणी झोपायचं नाही, आणि ताडपत्र्या बांधायला घेतल्या. कोंडीरामभाऊंची सून अक्षदा आताच बाळंतीण झालीय. ती टॉवेलात गुंडाळलेलं लेकरू घेऊन माझ्या शेजारी बसली होती. ते लेकरू शिंकलं. मग माझ्यानं राहवलं नाही.

आईंच्या कानाशी लागून म्हटलं, "आई, भूकंप न्हाय. आपला माळा पडलाय."

"कशानं?"

"कापडानं."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "कापडानं कुठं माळा पडतो व्हय?"

"लई हाय, आई."

"दाव," म्हणाल्या आणि उठल्या. पण उंबऱ्याशी येऊन थांबल्या. माझा हात त्यांनी घट्ट धरला.  मग त्यांनी वर छताकडं बघितलं, डोळे मिटले आणि आत पाऊल टाकलं. मागच्या खोलीत फरशीचे तुकडे, चेपलेल्या कोठ्या, आणि त्यावर सगळं माझं पाप, रंगीबेरंगी. त्यांनी वाकून एका कापडाचा काठ चिमटीत धरला, चोळून बघितला.

"कोरं हाय समदं?"

"व्हय."

"ह्यातनं गोधड्या किती झाल्या?"

मी म्हटलं, "एक." मग खोटं नको म्हणून म्हटलं, "अर्धी."

त्यांनी ते कापड खाली टाकलं. बाहेर जाऊन सगळ्यांपुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उठा, घरला जावा. भूकंप न्हाय झाला. माझ्या सुनेचं कापड पडलंय."

कुणी उठेना. डोळ्यांनी बघितल्याशिवाय कोण विश्वास ठेवणार? सगळी गल्ली रांगेनं आमच्या मागच्या खोलीत येऊन गेली. पुरुषांनी अँगल बघितले, बायकांनी कापड. मी दाराआड भिंतीला टेकून उभी, आता जमीन खरंच दुभंगावी असं वाटत होतं. अक्षदाच्या लेकराला मऊ अस्तराचा एक अख्खा तुकडा दिला. माझ्या हातानं बाहेर गेलेलं ते पहिलं कापड. लोक घरी गेले, रात्री आत झोपले. वीरप्पांचं अजून म्हणणं आहे, की चहा आवाजाच्या आधी सांडला.

लोक हसले ते हसले, त्याची भीती आता मोडलीय. रस्त्यानं जाताना बायका विचारतात, "आज कसं हाय, जमीन गप हाय न्हवं?" मग अंगणात येऊन बसतात आणि कापड बघायला मागतात. भीती आहे ती वेगळीच. आई घरात झोपत नाहीत. अंगणात बाज टाकलीय, मीही शेजारी झोपते. मी समजावून सांगितलं, तर म्हणाल्या, "भूकंप न्हाय ते मला ठाऊक हाय गं. पायाला ठाऊक न्हाय." ती अर्धी गोधडी त्यांच्या अंगावर घालायची म्हणून रोज शिवतेय. टाके लांब पडले की त्या उसवायला लावतात. पण कोपरा धरून बसतात. एवढंच बरं आहे.

लेकरांना गोड पापा, थोरांना नमस्कार. कळंबला थंडी असेल, गुडघे जपा.

तुमची धाकली,
राजेश्वरी

ता. क. आईंसाठी या. तुम्ही हाताला धरून आत नेलंत तर त्या जातील असं मला वाटतं. माझा हात धरून त्या एकदा गेल्या, पण ते कापड बघायला.

ता. क. आणखी. येताना एकट्या एसटीनं येऊ नका, जीप करून या. तुमचे भाऊ नव्या जाड अँगलांचा माळा बांधतायत. बुधवारपासनं ते माझ्याशी एकच वाक्य बोलले, "वजन किती धरायचं?" मी भीतीनं निम्मं सांगितलं. परवापर्यंत काम पुरं होईल. त्याआधी उरलेलं निम्मं तुमच्याकडं न्या. दाजींना सांगा, आईंच्या गोधड्या आहेत.

ता. क. शेवटचं. कळंबच्या दुकानदारानं जांभळी छीट माझ्यासाठी बाजूला ठेवलीय. दुकान कुठलं ते मोनिकाला विचारा, छिटेचं मात्र तिला सांगू नका. येताना तेवढी घेऊन या. अगदी पातळ आहे वन्सं, तिला वजन असं नाहीच.