शिदोरी घोड्याने खाल्ली

ति. फिलोमिनाताईस,

आधी तुझ्या गुडघ्यांची विचारपूस, मग तुझी. कारण गेल्या पत्रात तू स्वतःबद्दल चार ओळी आणि गुडघ्यांबद्दल दोन पानं लिहिली होतीस. तिकडे आयर्लंडात, डोनेगलात पाऊस असेलच. कोंबड्या, शेजारीण आणि फादर यांपैकी ज्यांच्याशी तुझं सध्या बोलणं असेल, त्यांना माझा नमस्कार सांग.

नातीचा बाप्तिस्मा झाला. मला तो एवढ्याला पडला: एक छत्री (आमच्या हिची, बर्नाडेटची, लाकडी मुठीची), एक दाढ आणि नात. केक मी धरतच नाही. छत्री दुसरी मिळेल, दाढ तशीही हलत होती. पण परवा ऊनाने दाराची साखळीसुद्धा न काढता फटीतून सांगितलं, ‘बाबा, माणसात आलात की या,’ आणि दार लावून घेतलं. माझ्या पोरीने! ते दार मीच बसवून दिलेलं आहे, ताई. इतकं चांगलं बसवलंय की आतलं रडणंसुद्धा नीट ऐकू येत नाही. मी संतापलो आहे, आणि हे पत्र शांत डोक्याने लिहितोय असा तुझा समज होत असेल तर तो काढून टाक.

सगळा दोष नॉर्मन लँगम्युरचा. आपला व्याही, जावई ग्रेगरचा बाप. तू त्याला लग्नात पाहिलंस, तो कुठेही उभा राहिला की आता राष्ट्रगीत होणार असं वाटतं. माणूस निळा, म्हणजे निळ्या क्लबाचा आणि प्रोटेस्टंट. ग्लासगोत निळे पुष्कळ आहेत, त्यांना काय, क्लब आहे, शनिवार आहे, संपलं; हा मात्र हाडापर्यंत निळा. दर जुलैत मिरवणुकीत मोठा नगारा बडवून बडवून त्याचे कान गेले आहेत. आपल्या बागेतलं गवत हिरवं आहे, हेही त्याला रात्री सलत असणार. मी कसा आहे ते तुला ठाऊक आहे. खांद्यावर पाट्या वाहून छपरांच्या धंद्यात शिरलो, आज तीन गाड्या आहेत, आणि तिन्ही मी करड्या रंगवल्यात, कारण गळकं छप्पर दोन्ही पंथांत असतं. शनिवारी आपल्या कॅथलिक हिरव्यांच्या मैदानावर मी काय ओरडलो, ते सोमवारी निळ्यांच्या धुराड्याशी बसलो की मला आठवत नाही. पण धंदा वेगळा, सोयरीक वेगळी. त्या माणसाच्या टेबलाशी मी जेवणार नाही, त्याच्या उंबऱ्याला माझा पाय लागणार नाही, हे मी लग्नातच चारचौघांत सांगून टाकलं होतं. (टाळ्या पडल्या होत्या. आपल्या बाजूने.)

आता शिदोरी. बाप्तिस्म्याला निघताना आईच्या हातात केकचा तुकडा आणि चांदीचं नाणं बांधलेला रुमाल, आणि मुलगी असेल तर रस्त्यात भेटेल त्या पहिल्या पुरुषाला तो द्यायचा, मुलगा असेल तर पहिल्या बाईला. तुझी शिदोरी कोळसेवाल्याला गेली, म्हणून तुझी चूल कधी विझली नाही, असं आई मरेपर्यंत सांगायची. माझी गहाणवटवाल्याच्या बायकोला गेली, आणि मी धंद्यात पडलो. गंमत अशी, की लँगम्युरांच्यातही अगदी हेच. पोप हवा की नको, शाळा कुठली, प्रार्थना कुठल्या शब्दांत, सगळ्यावर डोकी फुटतील. पण पहिल्याने शिदोरी नाकारली तर पोरीचं वाटोळं, या एका गोष्टीवर दोन्ही घरं एकमताने थरथरतात.

तर आठवड्याआधी मी त्याच्या शेजारणीच्या छपरावर होतो. माझे कान तू जाणतेसच. धुराड्यातून एखाद्याचा खोकला ऐकून त्याची शाळा कुठल्या पंथाची ते सांगेन मी. खाली नॉर्मन फोनवर बोलत होता (बहिरा माणूस, त्याची कुजबुज म्हणजे बाजाराची हाळी): ‘न्हाव्याच्या कोपऱ्यावर उभा राहा. पोरीची शिदोरी आपल्या माणसाच्या हातात पडली पाहिजे. बाप्तिस्मा त्यांच्या चर्चमध्ये, निदान नशीब तरी आपल्याकडे राहू दे.’ ऐकलंस? चोर! देवाच्या वाटेवर माणूस पेरतो! असल्या माणसाला कोण रोखणार? म्हणून मीही माझ्या गाडीवरच्या पोऱ्याला, डिक्लनला सांगितलं, की बाबा रे, रविवारी न्हाव्याच्या दाराआड उभा राहा, आणि हिरवे मोजे घालू नकोस. (घातलेच त्याने.)

रविवारी दुपारी दोन्ही क्लबांचा सामना, म्हणून रस्त्यात पोलिसांचे घोडे. ऊना पोरीला घेऊन पुढे, ग्रेगर छत्री धरून बाजूला, मागे बर्नाडेट, आणि सर्वांत मागे मी आणि नॉर्मन, एकमेकांकडे न बघता. कोपरा आला. डिक्लन दाराआडून निघाला, तेवढ्यात बसथांब्यामागून नॉर्मनच्या मिरवणुकीतला नगारेवाला निघाला, आणि दोघे एकदम, ‘किती गोड बाळ!’ म्हणत ऊनापुढे हात पसरून उभे. नॉर्मन ओरडला, ‘पुढे हो की रे, ठोंब्या!’ मी म्हणालो, ‘डिक्लन, पाय उचल!’ म्हणजे मी नुसतं म्हणालो. बर्नाडेट म्हणते चौकातली कबुतरं उडाली. मग नॉर्मनने माझी कॉलर धरली, मी ग्रेगरच्या हातातली छत्री घेतली, आणि पुढचं मला सलग आठवत नाही.

तेवढ्यात एक पोलीस घोड्यावरून आमच्यात शिरली. शिरली म्हणतो, कारण बाई होती. ऊना आमच्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिने वर मान करून तिला विचारलं, ‘हा घोडा की घोडी?’

‘घोडा, ताई,’ ती म्हणाली. मग जरा थांबून, ‘म्हणजे, होता.’

‘चालेल,’ म्हणाली ऊना, आणि रुमाल सोडून केक त्याच्या तोंडाशी धरला. नाणं तेवढं त्याने थुंकलं.

मग ती आमच्याकडे वळली. ताई, ती ओरडली असती तर मी सहन केलं असतं. ती हळू बोलली. ‘बाबा, शाळेतून येताना निळ्यांच्या गल्लीपाशी मी रोज कोट उलटा घालायचे, शाळेचा बिल्ला दिसू नये म्हणून. तुम्हीच शिकवलंत. यांनीही ग्रेगरला तेच शिकवलं. आम्ही भेटलो ते बसथांब्यावर, दोघांचे कोट उलटे, पावसात अस्तर भिजलेलं. आता माझ्या पोरीलाही कोट शिवून आणलेत का तुम्ही दोघांनी?’

मी खाली वाकून छत्रीच्या काड्या आणि माझी दाढ शोधायला लागलो.

चर्चमध्ये आम्हाला दोघांनाही घेतलं नाही. बाहेरच्या भिंतीवर बसलो. आत पोरगी रडली. नॉर्मनला ऐकू येईना, सारखं विचारायचा, ‘आता काय चाललंय?’ मी का सांगावं? पण सांगितलं. ‘पाणी घातलं.’ ‘रडली का?’ ‘रडली.’ ‘जोरात?’ ‘तुमच्या घराण्याचा गळा आहे, नगाऱ्यावरून ऐकू येईल.’ त्यावर तो मेला रुमालात नाक शिंकरायला लागला, आणि भर रस्त्यात मला त्याच्या पाठीवर हात ठेवावा लागला. माझ्या ओळखीची तीन माणसं त्या वेळी तिथून गेली! हेही त्याने मुद्दाम केलं असावं.

असो. गुडघ्यांना जप. ओल्या पायरीवर चढू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
डॉमिनिक हारकिन

ता. क. एक काम होतं. तू ऊनाची धर्ममाता, तुझं ती ऐकते. तिला लिही, की डोनेगलात घोड्याला गेलेली शिदोरी सर्वांत शुभ मानतात, आणि त्यामुळे रागलोभ धरायचं कारण उरत नाही. असं मानतात का मला माहीत नाही. तू लिहिलंस की मानतील.

ता. क. २. आजोबांना आत घे, असं लिहिताना दोन्ही आजोबा लिही. मला एकट्याला बोलावलं तर तो तिच्या खिडकीखाली एकटा उभा राहील, आणि आत पोरगी हसली तर त्याला सांगणार कोण?

ता. क. ३. उत्तर आमच्या घरी पाठवू नकोस, बर्नाडेट फाडेल. रविवारी घरी आल्यावर मी तिला एवढंच विचारलं, की खच्ची केलेला घोडा पुरुषांत धरावा का. तेव्हापासून मी नॉर्मनच्या मागच्या खोलीत राहतो. पत्ता पाकिटाच्या पाठीवर आहे.